जुन्या भिंतींची साक्ष आणि आपला कॅमेरा

शास्त्रपाठ : यहोशवा ४:१-९, २ राजे १८:१-४

मुख्य विचार : प्रवासात जुन्या मंदिराचे टिपलेले साधे छायाचित्रही पुढील पिढीसाठी साक्ष ठरू शकते, मात्र त्याबरोबर स्थळ, तारीख व माहिती लिहून ठेवली पाहिजे.

लग्नकार्य, आजाऱ्याची भेट, मुलांची परीक्षा, कचेरीचे काम अशा कितीतरी निमित्तांनी आपला प्रवास घडत असतो. परतीची गाडी सुटायला दोन तास असतात आणि परक्या गावात वेळ कसा घालवावा हे सुचत नाही. अशा वेळी आपण त्या गावातील जुने चर्च पाहून येतो, खिशातला मोबाइल काढून एखाददुसरा फोटोही घेतो. घरी आल्यावर तो दोघातिघांना दाखवला जातो आणि मग विसरला जातो. या लहानशा सवयीतून मंडळीची काही सेवा घडू शकेल काय, हा आजच्या पाठाचा विषय आहे. आरंभ मी माझ्याच एका चुकीपासून करतो.

एका पाटीची गोष्ट

आमचे गाव सीमाभागातले. चर्च लहान, पण जुने. दाराच्या उजव्या अंगाला भिंतीत एक दगडी पाटी होती. तिच्यावर मराठीत सात ओळी कोरलेल्या होत्या : मंदिर कधी बांधले, कोणाच्या हस्ते कोनशिला बसली, आणि शेवटी ज्या कुटुंबांनी दगड-चुना वाहून श्रमदान केले त्यांची नावे. मी १९८१ साली नोकरीच्या पहिल्या पगारांतून आग्फाचा साधा क्लिक कॅमेरा घेतला. एका रोलवर बारा फोटो निघत. त्यांतला एक मी नाताळच्या उपासनेनंतर त्याच दारात काढला. घरची सर्व मंडळी ओळीने उभी केली आणि कळ दाबली.

पुढे २००६ साली दार रुंद करण्याचे काम निघाले. पाटी काढताना ती फुटली. तुकडे जपून ठेवावेत हे त्या घाईत कोणाला सुचले नाही, मलाही नाही. नवी पाटी बसवण्याची वेळ आली तेव्हा जुन्या पाटीवरचा मजकूर नक्की काय होता, हे कोणालाच पूर्ण सांगता येईना. पाळकसाहेबांनी उपासनेच्या शेवटी विनंती केली, तेव्हा घरोघरचे अल्बम उघडले गेले. सहा फोटो जमले. चार लग्नांचे, एक बाप्तिस्म्याचा आणि एक माझा. प्रत्येकात पाटी होती, पण प्रत्येकात तिच्यासमोर कोणीतरी उभे होते. माझ्या फोटोत आमच्या मेहुण्यांची नवी टोपी बरोबर शेवटच्या दोन ओळींवर आली होती. सहाही फोटो शेजारी ठेवून, भिंगातून पाहून आम्ही पाच ओळी जुळवल्या. सहावी अर्धी लागली. नावांची सातवी ओळ काही केल्या मिळाली नाही.

मंडळीतल्या एका वृद्ध मावशी तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या आज्याचं नाव होतं बघ त्यात. लहान असताना बोट लावून वाचत होते मी. आता कुणाला दाखवू?"

माझ्याकडे कॅमेरा होता, रोल होता, उजेडही होता. पाटीचा वेगळा फोटो काढायला अर्धे मिनिट लागले असते. तो काढावा असे मला वाटलेच नाही, कारण पाटी उद्याही तिथेच असणार हे मी गृहीत धरले होते.

बारा धोंडे आणि त्यांचे सांगणे

आपल्या शास्त्रपाठात इस्राएल लोक यार्देन ओलांडून आल्यावर काय घडले ते पाहा. प्रत्येक वंशातून एक असे बारा पुरुष निवडले गेले. ते शिल्पकार नव्हते आणि धोंडेही घडवलेले नव्हते; नदीच्या पात्रातून खांद्यावर उचलून आणलेले होते. पुढे मुले त्या धोंड्यांविषयी विचारतील, तेव्हा वडिलांनी त्यांना घडलेली हकिकत सांगायची होती.

या व्यवस्थेचे दोन भाग आहेत. एक धोंडा, दुसरे सांगणे. धोंडा असला आणि सांगणारा नसला तर तो नदीकाठच्या इतर धोंड्यांसारखाच. सांगणारा असला आणि धोंडा नसला तर मूल प्रश्नच विचारत नाही. छायाचित्राचेही तसेच आहे. चित्र प्रश्न जागा करते. उत्तर मात्र कोणीतरी लिहून ठेवावे लागते.

जुने गोवे काय शिकवते

याचे मोठे उदाहरण आपल्यातील पुष्कळांनी पाहिलेल्या स्थळी आहे. बेळगाव, कोल्हापूर किंवा पणजीहून जुने गोवे गाठणे कठीण नाही. तेथील चर्च व मठ १९८६ साली जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले. बहुतेक प्रवासी बॉम जेझूस व से कॅथेड्रल पाहून, फोटो काढून निघून जातात. थोडी चढण चढून गेले तर सेंट ऑगस्टीनच्या मठाचे अवशेष लागतात. जांभ्या दगडाचा सुमारे ४६ मीटर उंच मनोरा एकटाच उभा दिसतो, तोही अर्धा.

हे मंदिर १६०२ साली ऑगस्टिनियन साधूंनी बांधले. पोर्तुगीज सरकारने धार्मिक संघ बंद केल्यावर १८३५ साली साधूंना जावे लागले. सांभाळणारे हात गेले आणि १८४२ मध्ये छताची कमान कोसळली. १९३१ साली दर्शनी भिंत व मनोऱ्याचा अर्धा भाग पडला. १९३८ मध्ये आणखी पडझड झाली. आज आपण तिथे उभे राहतो तेव्हा दर्शनी भिंत कशी होती हे जागेवरून समजत नाही. ती पडण्यापूर्वी ज्यांनी कॅमेरा लावला, त्यांच्या छायाचित्रांतून समजते. मनोऱ्यातील मोठी घंटा मात्र वाचली. १८७१ पासून ती पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या चर्चमध्ये आहे. पांढऱ्या जिन्यांच्या त्या प्रसिद्ध चर्चचा फोटो घेणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते की वर टांगलेली घंटा दुसऱ्याच, पडलेल्या मंदिराची आहे?

बॉम जेझूसचेही असेच आहे. १६०५ साली प्रतिष्ठापना झालेल्या या मंदिराच्या उघड्या तांबड्या भिंती पाहून ते मुळातच तसे बांधले असावे असा समज होतो. वस्तुतः बाहेरच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. तो १९५० च्या सुमारास काढला गेला. जांभा सच्छिद्र असतो. कोकण-गोव्याच्या पावसात तो पाणी पितो आणि झिजतो. म्हणूनच तिकडच्या चर्चना चुना देण्याची रीत आहे. गिलावा पुन्हा करावा की नाही, यावर अलीकडे बरीच चर्चा झाली. अशा चर्चेत जुनी छायाचित्रे पुराव्याचे काम करतात. से कॅथेड्रलचा एक मनोरा १७७६ साली पडला, कॅमेऱ्याचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी. त्याचे छायाचित्र असणे शक्यच नव्हते. आपल्याला अशी सबब नाही.

सेंट ऑगस्टीनच्या अवशेषांत आणखी एक गोष्ट घडली आणि ती आपल्या पाठाच्या मर्माशी येते. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिला १६२४ साली इराणात, स्वधर्म सोडण्यास नकार दिल्यामुळे, ठार मारण्यात आले. ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थींचा काही भाग गोव्यास आणून या मठात ठेवला. मठ पडल्यावर जागा ढिगाऱ्याखाली गेली. परंतु जुन्या पोर्तुगीज कागदांत लिहून ठेवलेले होते की अस्थींची दगडी पेटी मठाच्या सभागृहालगतच्या प्रार्थनालयात, दुसऱ्या खिडकीपाशी आहे. त्या आधारे शोध घेता घेता २००५ साली पुरातत्त्व खात्याला अस्थी मिळाल्या. २०१३ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील तपासणीने त्या राणीच्या असाव्यात याला बळकटी मिळाली आणि २०२१ साली भारताने त्यांतील काही भाग जॉर्जियाला भेट दिला. कोणा एका लेखकाने "दुसरी खिडकी" एवढे नेमके लिहून ठेवले नसते, तर हा शोध कुठून सुरू करायचा? आमच्या पाटीची सातवी ओळ हरवली ती असे कोणी लिहून न ठेवल्यामुळे.

फोटो घेताना लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. यासाठी महाग कॅमेरा लागत नाही. साध्या मोबाइलने हे सर्व करता येते.

१. आधी पाहा, मग कळ दाबा. दहा मिनिटे कॅमेरा खिशात ठेवून मंदिराभोवती एक फेरी मारा. कोनशिला कुठे आहे, घंटा कुठे, कबरी कोणत्या बाजूस, कोणता भाग पडावयास आला आहे, हे पाहून घ्या. रोलवर बारा फोटो असत तेव्हा माणूस विचार करून फोटो काढी. आज शंभर निघतात आणि त्यांतले नव्वद एकाच कोनातले असतात.

२. ठरलेला क्रम ठेवा. पहिला फोटो दुरून, आजूबाजूचा रस्ता व झाडे दिसतील असा. दुसरा दर्शनी बाजूचा, अगदी समोरून. मग उरलेल्या बाजू. आत परवानगी असेल तर दारातून वेदीकडे एक आणि वेदीजवळून दाराकडे एक. शेवटी पाट्या, कोनशिला, घंटेवरील अक्षरे, बाप्तिस्म्याचे कुंड, कबरींचे दगड. घरच्या मंडळींचा फोटो अवश्य घ्या. पण तो वेगळा घ्या, पाटीसमोर नको.

३. भिंती सरळ येऊ द्या. उंच मनोरा मावावा म्हणून कॅमेरा वर कलवला की भिंती मागे पडल्यासारख्या दिसतात. शक्य तितके मागे जा आणि कॅमेरा सरळ धरा. समोर एखादा ओटा किंवा जिना असेल तर त्यावर उभे राहा. खाली जास्त जमीन आली तरी चालेल. ती नंतर कापता येते.

४. कोरलेली अक्षरे तिरप्या उन्हात वाचा. भर दुपारी समोरून ऊन पडले की झिजलेली अक्षरे दिसत नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी बाजूने ऊन आले की प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली पडते आणि ओळ उमटून येते. सावलीतल्या पाटीवर मोबाइलची बॅटरी एका बाजूने, भिंतीला जवळजवळ लागून धरली तरी तेच साधते. अक्षरे उठावीत म्हणून खडू घासणे, तेल किंवा पाणी लावणे, खरवडणे हे कधीही करू नये. दगडाचे कायमचे नुकसान होते. शेजारी फूटपट्टी धरली तर आकारही कळतो. फोटो घेतल्यावर तिथेच मजकूर वहीत उतरवून घ्या. डोळ्यांना जे दिसते ते कधी कधी फोटोत येत नाही.

५. आतील उजेड सांभाळा. याचा उत्तम धडा मेदकच्या कॅथेड्रलमध्ये मिळतो. हैदराबादहून तेथे एका दिवसात जाऊन येता येते. वेस्लियन मिशनचे चार्ल्स वॉकर पॉसनेट यांनी दुष्काळाच्या दिवसांत उपाशी लोकांना काम व अन्न मिळावे म्हणून हे बांधकाम चालवले आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी त्याचे समर्पण झाले. मनोरा १७५ फूट उंच आहे. आत रंगीत काचांच्या तीन मोठ्या खिडक्या आहेत : स्वर्गारोहण, ख्रिस्तजन्म आणि वधस्तंभ. त्या इंग्लंडच्या फ्रँक सॅलिसबरी यांनी केल्या आणि १९२७, १९४७ व १९५८ या साली त्या बसवल्या गेल्या. या काचा बाहेरच्या सूर्यप्रकाशानेच उजळतात. सूर्य मावळला की आतून त्यांतले काही दिसत नाही. म्हणून दिवसाच जावे. कॅमेरा आतल्या अंधाराचा हिशेब धरतो आणि काच नुसती पांढरी फटक येते. मोबाइलच्या पडद्यावर खिडकीवर बोट ठेवा आणि उजेड कमी करा, म्हणजे रंग येतील. फ्लॅश लावल्यास काचेवर फक्त चमक येते. अंधाऱ्या भागाचा फोटो घेताना हात हलू नये म्हणून मोबाइल बाकाच्या पाठीवर टेकवावा.

६. तिथल्या माणसाशी बोला. दार उघडणारा सेवक, शेजारच्या घरातील आजी, निवृत्त शिक्षक यांच्याजवळ जे असते ते कोणत्याही पाटीवर नसते. त्यांनी सांगितलेले लिहून घ्या आणि "सांगितलेले" असेच लिहा. ऐकीव माहिती आणि कोरलेला मजकूर यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

पाठीमागे काय लिहावे

स्थळ, तारीख, कोणत्या बाजूचा फोटो, त्यात काय आहे, माणसे असल्यास डावीकडून त्यांची नावे, आणि फोटो कोणी घेतला. एवढे सहा मुद्दे पुरे आहेत. कागदी प्रतीच्या मागे हे मऊ पेन्सिलीने लिहावे; बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूस उमटतो व शाई पसरते. मोबाइलमधले फोटो मोबाइलमध्येच ठेवणे म्हणजे धान्य रस्त्यावर वाळत घालून झोपी जाणे होय. मोबाइल हरवतो, बिघडतो, बदलला जातो. वर्षातून एकदा निवडक दहा-बारा फोटोंच्या कागदी प्रती काढाव्यात. एक संच घरी ठेवावा आणि एक मंडळीच्या कपाटात द्यावा.

प्रत काढण्याचे मोल मराठी ख्रिस्ती माणसाने तरी विसरू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण गोव्यातील राशोल येथे १६१६ साली छापले गेले. त्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ आपल्यापर्यंत पोहोचला तो हाताने केलेल्या नकलांमुळे. नकला करणाऱ्यांची नावेही बहुधा आपल्याला ठाऊक नाहीत. पण त्यांनी बसून अक्षर अक्षर उतरवले म्हणून आज तो वाचता येतो.

आपल्या मंडळ्यांना याची विशेष गरज आहे. बेळगाव, हैदराबाद, इंदूर, बडोदे येथील आपली नातवंडे कन्नड, तेलुगू, हिंदी, गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. आजोबांच्या कबरीवरील मराठी ओळ त्यांच्यापैकी काहींना वाचता येत नाही, आणि ज्यांना अक्षरे लागतात त्यांना अर्थ लागत नाही. दगड शाबूत असूनही तो त्यांच्यासाठी मुका होत चालला आहे. ज्यांना आज वाचता येते, त्यांनी फोटोखाली ती ओळ व तिचा अर्थ उतरवून ठेवावा. हे काम पुढच्या पिढीवर सोडता येण्याजोगे नाही.

मर्यादा पाळाव्यात

मंदिर हे प्रथम उपासनेचे स्थान आहे. उपासना चालू असता, कोणी प्रार्थनेत असता किंवा अंत्यविधीच्या वेळी कॅमेरा बंद ठेवावा. चर्च कोणत्याही पंथाचे असो, आत जाण्यापूर्वी विचारावे, लावलेला फलक वाचावा. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील वास्तूत कॅमेऱ्याचे स्टँड लावायचे असल्यास आधी परवानगी घ्यावी. "नाही" म्हटले तर वाद न घालता बाहेरून फोटो घ्यावा. पडक्या भिंतीवर चढू नये. चांगला फोटो हवा म्हणून कबरीवरील फुले, वेदीवरील वस्तू हलवू नयेत.

आणखी एक सावधगिरी आहे, आणि त्यासाठीच दुसरा शास्त्रपाठ दिला आहे. मोशेने केलेला पितळी सर्प देवाच्या तारणाची आठवण होता. पण लोक त्याला धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. आठवणीची वस्तू हळूच पूजेची वस्तू होते. जुने मंदिर जपताना हे भान असावे. गळके छप्पर बदलायचे नाही, अपंग सभासदासाठी दार रुंद करायचे नाही, असा आपला आग्रह नसावा. आमच्या चर्चचे दार रुंद झाले हे योग्यच झाले. आज चाकाच्या खुर्चीवरून येणारे दोन सभासद त्या दारातून थेट आत येतात. फक्त भिंत फोडण्यापूर्वी एक फोटो आणि एक कागद राहायला हवा होता. वास्तू बदलण्याची मुभा आपल्याला आहे. तिच्यासाठी ज्यांनी घाम गाळला त्यांची नावे पुसण्याची नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

हा पाठ दोन रविवारी घ्यावा. पहिल्या रविवारी बारा धोंड्यांची गोष्ट सांगून मुलांना आपल्याच चर्चच्या आवारात न्यावे. दोघादोघांना एकेक काम द्यावे : कोनशिला, घंटा, भिंतीवरील पाट्या, कबरी. मोठ्या मुलांनी फोटो घ्यावा, लहानांनी मजकूर वहीत उतरवावा. दुसऱ्या रविवारी मंडळीतील एका वयस्कर सभासदास बोलावून मुलांनी त्यांना प्रश्न विचारावेत. जमलेली पाने एका फाइलमध्ये लावून पाळकसाहेबांच्या स्वाधीन करावीत. मुले सुट्टीत गावोगावी जातात. प्रत्येकाने तिथल्या एका चर्चचे पान आणावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात धोंड्यांबरोबर वडिलांवर कोणती जबाबदारी टाकली आहे? ती आपल्या घरात कोण पार पाडतो?

२. आपल्या चर्चमधील कोणती वस्तू किंवा पाटी येत्या दहा वर्षांत नाहीशी होण्याचा संभव आहे? तिचा स्पष्ट फोटो कोणाजवळ आहे काय?

३. आठवण जपणे आणि वास्तूचा अट्टहास धरणे यांत फरक कसा ओळखावा?

४. घरातील एक जुना फोटो काढा. त्यातील किती जणांची नावे सांगता येतात? सांगू शकणारे माणूस हयात असेल तर या आठवड्यातच त्यांच्याकडे जा.

आमच्या चर्चमध्ये नवी पाटी बसली आहे. तिच्यावर जुळवलेल्या पाच ओळी आहेत आणि सहावीचा अर्धा भाग. त्याखाली जागा मोकळी ठेवली आहे. न जाणो, एखाद्या घरी, एखाद्या ट्रंकेच्या तळाशी सातवा फोटो असेल. मावशी २०११ साली प्रभूकडे गेल्या. त्यांच्या आजोबांचे नाव त्यांच्या तोंडून मी त्याच संध्याकाळी लिहून घेतले होते. ओळ कळली नाही. नाव मात्र आता मंडळीच्या रजिस्टरात आहे.